मनोरीच्या समुद्रात मिठाखेरीज काय आहे, ते आधी मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई महापालिकेच्या मनोरी येथील नियोजित निःक्षारीकरण प्रकल्पाविषयीच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे मी पहिल्यापासून लक्ष देऊन वाचत आलो आहे. समुद्राच्या पाण्यातून दररोज २० कोटी लिटर, आणि पुढे ४० कोटी लिटरपर्यंत, गोडे पाणी मिळवण्याचा हा बेत आहे. त्यावरची चर्चा मुख्यतः खर्च, वीज, तिवरांची तोड आणि समुद्रात परत सोडल्या जाणाऱ्या अतिखारट पाण्यामुळे मच्छीमारांचे होणारे नुकसान या चार गोष्टींभोवती फिरते. हे चारही प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. परंतु असे प्रकल्प ज्या कारणाने सर्वांत जास्त अडखळतात, आणि ज्या कारणाने मी स्वतः एक प्रकल्प बंद ठेवलेला आहे, त्याचा उल्लेख या चर्चेत मला कोठेही आढळला नाही. ते कारण म्हणजे पाण्यातले मीठ अडवणाऱ्या पडद्यांचे चोंदणे. पाण्यातून मीठ वेगळे करण्याचे तंत्र आता चांगले हाताशी आले आहे. मिठाखेरीज त्या पाण्यात जो गाळ असतो आणि जे सेंद्रिय द्रव्य असते, त्यानेच हे तंत्र जेरीस येते.

माझ्या नोकरीची अकरा वर्षे ओमानच्या आखाताच्या किनाऱ्यावर, समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या एका प्रकल्पात पाळीप्रमुख म्हणून गेली. आता निवृत्त होऊन मी पश्चिम उपनगरात राहतो. पुढे जे लिहितो आहे, त्यातले काही या विषयाच्या अभ्यासातून आलेले आहे आणि काही रात्रपाळीत दाबमापकांच्या काट्यांकडे पाहत बसण्यातून आलेले आहे.

घरातल्या यंत्रामुळे आपण ज्याला आरओ म्हणून ओळखतो, त्याच तत्त्वावर हा प्रकल्प चालायचा आहे. समुद्राच्या पाण्याला ५५ ते ७० बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण तितक्याच पट, दाब देऊन ते पॉलिअमाइड या प्लास्टिकच्या अत्यंत पातळ थरातून ढकलले जाते. हा थर मिलिमीटरच्या जवळपास दहा हजाराव्या भागाइतका जाड असतो. पाणी त्यातून पार होते आणि मीठ मागे राहते. हा पडदा, त्याला आधार देणारे थर आणि पाण्याला वाट ठेवणारी बारीक जाळी यांची गुंडाळी करून आठ इंच व्यासाची व चाळीस इंच लांबीची नळी बनवतात. एका नळीत सुमारे ३७ चौरस मीटर पडदा मावतो. रोज २० कोटी लिटर पाणी हवे असेल, तर नेहमीच्या हिशेबाने अशा सोळा-सतरा हजार नळ्या लागतील. त्यांतला सगळा पडदा उलगडून जमिनीवर अंथरला, तर तो साठ हेक्टरांच्या आसपास भरेल, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कसारखी पाच मैदाने झाकली जातील. इतके असूनही त्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला जेमतेम तेरा-चौदा लिटर पाणी पाझरते, आणि ज्या फटीतून समुद्राचे पाणी या पडद्यावरून वाहते ती फट पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातील वाळूचे गाळणे एखाद्या दिवशी गढूळ पाणी आले तरी सोसून घेते, उलट्या प्रवाहाने धुतले की पुन्हा कामाला लागते. आरओच्या नळीला असे उलटे धुता येत नाही. तिच्यात जे शिरले ते बाहेर काढणे अवघड असते, म्हणून जे शिरू द्यायचे नाही ते आधीच अडवावे लागते.

पडदा चोंदतो म्हणजे नेमके काय होते, हे समजण्यासाठी श्रीखंडाचा चक्का आठवावा. दही फडक्यात बांधून टांगले की आधी पाणी भराभर गळते, मग थेंब थेंब पडू लागते आणि पहाटेपर्यंत जवळजवळ थांबते. फडक्याची वीण काही रात्रीत घट्ट झालेली नसते. आतल्या बाजूला दह्याचाच एक दाट थर बसलेला असतो, आणि उरलेल्या पाण्याला आता फडक्याआधी त्या थरातून वाट काढावी लागते. आरओच्या पडद्यावर असाच थर बसतो. त्यात चिकणमातीचे आणि सिलिकाचे कण असतात, नळांतून आलेला गंज असतो, शैवालांचे तुकडे असतात, जिवाणू असतात, आणि या सर्वांना एकत्र धरून ठेवणारे सेंद्रिय द्रव्य असते. चक्क्याला वरून पिळणारे कोणी नसते, येथे मात्र साठ बारचा दाब तो थर सतत पडद्याकडे ढकलत असतो, त्यामुळे तो दिवसेंदिवस अधिक घट्ट होत जातो.

गाळ आणि सेंद्रिय द्रव्य यांची ही जोडगोळी नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नुसते मातीचे कण पडद्यावर बसले तर त्यांचा थर सैल असतो आणि पाण्याचा वेग वाढवला की त्याचा बराच भाग सुटून जातो. पण पाण्यात चिकट सेंद्रिय द्रव्य असेल तर तेच कण लुकणासारखे बसतात. पंचातून वाळूमिश्रित पाणी गाळून पाहावे आणि मग तीच वाळू भाताच्या पेजेत कालवून गाळून पाहावे, म्हणजे फरक हाताला कळेल. गोड्या पाण्यात मातीच्या कणांवर आणि पडद्यावर दोन्हीकडे ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना काही अंतरावर ठेवतात. समुद्रातील क्षारांमुळे हे परस्परांना दूर लोटणे जवळजवळ संपते आणि कण पडद्याला सहज बिलगतात. शिवाय समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तपकिरी शेवाळातील अल्जिनेट किंवा सूक्ष्म शैवालांतून आणि जिवाणूंतून सुटणारी तत्सम शर्करांची लांब रेणूसाखळी आली, की हे कॅल्शियम दोन साखळ्यांच्या मध्ये बसून त्यांना एकमेकींशी बांधते आणि पडद्यावर जेलीसारखा थर तयार होतो. या जेलीला पाण्याच्या झोताने हलवता येत नाही.

यातला सर्वांत फसवा भाग डोळ्यांना दिसतच नाही. १९९३ मध्ये ॲलिस ऑल्ड्रेज, उटा पासो आणि ब्रूस लोगन या संशोधकांनी समुद्राच्या पाण्यातील पारदर्शक, चिकट कण एका निळ्या रंगाने रंगवून दाखवले. रंग देईपर्यंत ते सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नव्हते. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि तरीही त्यात असे कण हजारोंनी असू शकतात, वाळूच्या गाळण्यांतून पिळवटून पुढे जाऊ शकतात आणि पडद्यावर पुन्हा आपला आकार घेऊ शकतात. म्हणून ‘पाणी तर नितळ आहे’ हे वाक्य मी आमच्या नियंत्रण कक्षात कोणालाही बोलू देत नसे.

थर बसला की पहिला परिणाम पाणी कमी येण्याचा. तेवढेच पाणी मिळवायचे तर दाब वाढवावा लागतो आणि दाब वाढला की वीज वाढते. दुसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक असतो. पडद्याने अडवलेले मीठ एरवी वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते, पण या थराच्या खाली अडकलेले मीठ परत मुख्य प्रवाहात जाऊ शकत नाही. पडद्याच्या अगदी लगत खारटपणा वाढतो, त्याला ओलांडण्यासाठी आणखी दाब लागतो आणि गाळून आलेल्या पाण्यातही मीठ थोडे जास्त उतरते. म्हणजे पाणी कमी येते, महाग पडते आणि खारटही लागते, आणि हे तिन्ही एकाच वेळी होते.

तिसरा परिणाम सावकाश होतो आणि सर्वांत चिवट असतो. बसलेला सेंद्रिय थर हे जिवाणूंचे अन्न आणि घर दोन्ही असते. ते तेथे वस्ती करतात, स्वतःभोवती आणखी चिकट द्रव्य सोडतात, आणि नळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या दाबातला फरक वाढू लागतो. आमच्याकडे ‘डीपी चढला’ असे म्हणत. ‘मग क्लोरीन टाका’, असे येथे सामान्य माणूस म्हणेल, आणि महापालिकेच्या पाण्याचा वास घेतलेल्या मुंबईकराला तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण पॉलिअमाइडचा पडदा मुक्त क्लोरीन सोसत नाही. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मुक्त क्लोरीन त्याच्यापर्यंत पोचू नये, अशी सर्वसाधारण मर्यादा आहे. त्यामुळे समुद्रातून पाणी घेताना क्लोरीन दिले, तरी पडद्याआधी सोडियम बायसल्फाइट घालून ते काढून टाकावे लागते. यात आणखी एक अडचण आहे. क्लोरीन मोठ्या सेंद्रिय रेणूंचे लहान तुकडे करते, हे तुकडे जिवाणूंना खायला सोपे असतात, आणि क्लोरीनच्या तडाख्यातून वाचलेले थोडे जिवाणू पडद्यावर पोचून त्यावर जोमाने वाढतात. सतत क्लोरीन देणाऱ्या प्रकल्पांतच जैविक लेप अधिक झाल्याचे अनुभव आले, आणि म्हणून अनेक ठिकाणी आता ते अधूनमधून, झटक्याझटक्याने देतात.

२००८ च्या उत्तरार्धात ओमानच्या आखातात आणि पुढे पर्शियन आखातात कॉक्लोडिनियम नावाच्या सूक्ष्म शैवालाची लाट आली, म्हणजे त्याची बेसुमार वाढ झाली. ती २००९ पर्यंत टिकली. ओमान आणि संयुक्त अरब अमिरातीतील अनेक निःक्षारीकरण प्रकल्प त्या काळात काही दिवस, तर काही कित्येक आठवडे बंद ठेवावे लागले. तेथील शहरांची तहान याच प्रकल्पांवर भागते. आमच्या प्रकल्पात प्रथम वाळूच्या गाळण्यांवरचा भार वाढला. एरवी दिवसाकाठी एकदा धुतली जाणारी गाळणी दर तीन तासांनी धुवावी लागू लागली, आणि ती धुण्यातच तयार झालेले बरेचसे पाणी खर्च होऊ लागले. मग त्यांच्या पुढची कार्ट्रिज, म्हणजे बदलता येणारी बारीक गाळणी, जी आम्ही दोन-तीन महिन्यांनी बदलत असू, ती चार दिवसांत काढावी लागली. माझ्याबरोबर रत्नागिरीचे एक जुने तंत्रज्ञ होते. त्यांनी काढलेले कार्ट्रिज हातात घेऊन माझ्यापुढे धरले आणि म्हणाले, “साहेब, हे मळलेलं नाही, बुळबुळीत झालंय.” त्यांचे म्हणणे अचूक होते. गाळण्यांत आणि पंपांत शैवालपेशी फुटत होत्या आणि त्यांच्यातले चिकट द्रव्य विरघळून थेट पडद्यांकडे चालले होते. पेशी अखंड असताना अडवल्या असत्या तर बरे झाले असते, आम्ही त्या अडवण्याच्या नादात फोडत होतो.

तरीही वरून आदेश होता की पुरवठा थांबवू नये. आम्ही आणखी नऊ दिवस प्रकल्प रेटला. त्यानंतर मात्र तो बंद ठेवावाच लागला, आणि पडद्यांवर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने, मग सायट्रिक आम्लाने आणि पुन्हा कॉस्टिकने धुण्या केल्या. सेंद्रिय लेप अल्कधर्मी द्रावणाने सुटतो आणि लोहाचा व क्षारांचा थर आम्लाने, म्हणून हा क्रम. पण काही गटांतील नळ्या पूर्वपदाला आल्याच नाहीत आणि मुदतीच्या कितीतरी आधी बदलाव्या लागल्या. नऊ दिवसांच्या पाण्यासाठी आम्ही कित्येक वर्षांचे पडदे घालवले. त्या निर्णयाच्या वेळी मी पाळीवर होतो आणि तो चूक आहे हे मला कळत होते. मी ते लेखी नोंदवले नाही, याची खंत मला आजही आहे.

या ठिकाणी एका चाचणीविषयी लिहिणे आवश्यक आहे, कारण निविदांच्या कागदांत तिच्यावर फार भिस्त ठेवलेली असते. ०.४५ मायक्रॉन छिद्रांचा, ४७ मिलिमीटर व्यासाचा एक कागदी चकतीसारखा गाळणपडदा घेतात, ठरलेल्या दाबाने त्यातून पाणी सोडतात, पहिले अर्धा लिटर किती वेळात गळले ते मोजतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा अर्धा लिटर किती वेळात गळले ते मोजतात, आणि दोन वेळांच्या फरकावरून एक आकडा काढतात. त्याला सिल्ट डेन्सिटी इंडेक्स म्हणतात. हा आकडा पाचाच्या खाली, शक्यतो तिनाच्या खाली असावा, असे पडदे बनवणारे सांगतात. चाचणी सोपी, स्वस्त आणि उपयोगी आहे, मी ती हजारो वेळा केलेली आहे. पण ०.४५ मायक्रॉनपेक्षा लहान असे कलिल कण, म्हणजे पाण्यात तरंगतच राहणारे अतिसूक्ष्म कण, आणि विरघळलेले सेंद्रिय द्रव्य या चकतीतून निघून जातात आणि पुढे पडद्यावर बसतात, त्यांची नोंद या आकड्यात होत नाही. शिवाय या आकड्याची कमाल किंमतच सुमारे ६.७ आहे, त्यामुळे पाणी वाईट आणि अतिवाईट यांतला भेद तो दाखवू शकत नाही. लाटेच्या दिवसांत आमची चकती पाच मिनिटांच्या आतच बंद पडत असे आणि नोंदवहीत आकड्याच्या जागी रेघ मारावी लागे. उलट लाट ओसरल्यावर आकडा तिनाच्या खाली उतरला, सगळे आनंदले, आणि पडद्यांचा डीपी मात्र आणखी महिनाभर चढतच राहिला. म्हणून कोणी ‘आमच्या पाण्याचा इंडेक्स तीन आहे’ असे सांगितले, तर ‘कोणत्या महिन्यात, भरतीला की ओहोटीला, आणि त्याच दिवशी सेंद्रिय कार्बन किती होता’ असे विचारले पाहिजे.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहू. दहिसर नदी मनोरीच्या खाडीला मिळते, पोईसर आणि ओशिवरा मालाडच्या खाडीकडे जातात. या तिन्ही नद्या डोंगरात उगवतात तेव्हा स्वच्छ असतात आणि उपनगर ओलांडेपर्यंत त्यांचे काय होते, हे येथे राहणाऱ्या कोणालाही सांगण्याची गरज नाही. सांडपाण्यात प्रथिने असतात, शर्करा असतात, तेल आणि साबण असतो, आणि जिवाणूंनी सोडलेले चिकट द्रव्य असते. हे सर्व पडदे चोंदवण्याच्या कामी अव्वल आहे. तिवरांच्या कुजणाऱ्या पानांतून पाण्याला तपकिरी रंग देणारी ह्युमिक आम्ले पाण्यात उतरतात. तिवरे राखलीच पाहिजेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण पाणी कोठून घ्यायचे हे ठरवताना त्यांच्या पाण्याचा रंग विचारात घेतला पाहिजे. मुंबईची मोठी भरती पाच मीटरांच्या घरात जाते, आणि दिवसातून दोनदा येणारा-जाणारा हा प्रवाह तळाचा चिखल सतत ढवळत ठेवतो. पावसाळ्यात नद्यांचा गाळ त्यात येतो. हिवाळ्याच्या तोंडाला शैवाले फोफावतात. काही वर्षांपूर्वी जुहूच्या किनाऱ्यावर रात्री निळ्या प्रकाशाच्या लाटा पाहायला गर्दी लोटली होती, तो प्रकाश अशाच सूक्ष्म जीवांचा होता.

‘चेन्नईत चालते, मग मुंबईत का चालणार नाही’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० पासून आणि नेम्मेली येथे २०१३ पासून दररोज प्रत्येकी १० कोटी लिटर क्षमतेचे प्रकल्प आहेत. त्याआधीपासून आपल्याच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कल्पाक्कम येथे दररोज ६३ लाख लिटरचा संमिश्र, म्हणजे पाणी वाफवून आणि पडद्यांतून गाळून अशा दोन्ही रीतींचा, प्रकल्प उभारला आहे, त्यात १८ लाख लिटर पडद्यांद्वारे मिळतात. म्हणजे देशात अनुभव आहे आणि तो अभिमानास्पद आहे. परंतु तेथला किनारा बंगालच्या उपसागराला उघडा आहे आणि भरती-ओहोटीतला फरक मीटरभराच्या आसपास आहे. खाड्यांनी वेढलेल्या मनोरीला तेथला आराखडा जसाच्या तसा लागू होणार नाही. ज्यांनी हे गांभीर्याने घेतले नाही, त्यांचे काय झाले याचे उदाहरण अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील टँपा बे येथे आहे. तो प्रकल्प २००३ मध्ये पाणी देऊ लागला आणि लगेच अडकला, कारण पाण्यातील हिरवे शिंपले आणि गाळ पूर्वप्रक्रियेला, म्हणजे पडद्यांआधीच्या सफाईला, आवरत नव्हते आणि पडदे ठरल्यापेक्षा फार लवकर चोंदत होते. पूर्वप्रक्रियेची फेरबांधणी करून तो पूर्ण क्षमतेने चालायला २००७ ची अखेर उजाडली. क्षमता आपल्या नियोजित प्रकल्पाच्या निम्म्याहूनही कमी होती आणि पैसा व तज्ज्ञ यांची वानवा नव्हती.

एक ढोबळ हिशेब मांडतो. रोज २० कोटी लिटर गोडे पाणी हवे असेल आणि समुद्राच्या पाण्यातून चाळीस टक्के गोडे निघत असेल, तर रोज ५० कोटी लिटर समुद्र आत घ्यावा लागेल. त्या पाण्यात लिटरमागे फक्त १० मिलिग्रॅम गाळ आहे असे धरले, तरी दिवसाला पाच टन कोरडा गाळ होतो. पावसाळ्यात तो लिटरमागे १०० मिलिग्रॅम झाला, तर दिवसाला पन्नास टन. सेंद्रिय कार्बन लिटरमागे दोनच मिलिग्रॅम धरला, तरी दिवसाला एक टन. हा सगळा ऐवज त्या साठ हेक्टरांच्या पडद्यापर्यंत पोचण्याआधी काढून घ्यायचा आहे. नाही काढला तर दाब वाढवत न्यावा लागेल, आणि दाबात दहा टक्क्यांची वाढ म्हणजे उच्चदाब पंपांच्या विजेत रोज चाळीस हजार युनिटांच्या घरात वाढ, असा माझा अंदाज आहे. काढून घेतला तर तो कोठे टाकायचा, हा प्रश्न उरतो. पूर्वप्रक्रियेत फेरिक क्लोराइड घालून कण एकत्र आणतात. त्याचा लालसर गाळ तसाच समुद्रात सोडला, तर किनाऱ्याचा रंग बदलेल आणि मनोरी-गोराईच्या मच्छीमारांना तक्रारीचे आणखी एक कारण मिळेल. त्यांना आणखी एक कारण देणे योग्य होणार नाही.

हे सर्व लिहिण्याचा हेतू प्रकल्प नको असे म्हणण्याचा नाही. सात तलाव पावसावर अवलंबून आहेत आणि जून लांबला की पाणीकपात होते, हे मी पाहतोच आहे. समुद्र आटत नाही, म्हणून असा एक आधार शहराला असणे मला मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या प्रकल्पाचे भवितव्य पडद्यांच्या खरेदीत ठरणार नाही, ते पडद्यांच्या आधीच्या टाक्यांत ठरेल, आणि त्या टाक्या कशा बांधायच्या हे मनोरीचे पाणी वर्षभर मोजल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. पाण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडून शैवाले वर तरंगवून काढण्याची पद्धत अशा पाण्याला मानवते, कारण त्यात पेशी फुटण्याचे प्रमाण कमी राहते. २००८ च्या लाटेनंतर आखातात तिच्याकडे अधिक लक्ष गेले. तिच्या पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनचे, म्हणजे मीठ न अडवता बारीक कण अडवणारे, पडदे ठेवता येतात. ते अर्ध्या-पाऊण तासाने उलटे धुता येतात, मात्र सेंद्रिय लेपाने तेही चोंदतात आणि त्यांच्या छिद्रांच्या आत जे बसते ते नुसत्या धुण्याने निघत नाही. यांपैकी काय घ्यावे आणि किती मोठे घ्यावे, याचे उत्तर जूनचे पाणी वेगळे देईल आणि नोव्हेंबरचे वेगळे. मार्चमधल्या आठवडाभराच्या नमुन्यांवर आराखडा केला, तर तो मार्चपुरताच चालेल.

म्हणून महापालिकेने पाणी घेण्याच्या जागेवर एक छोटे प्रायोगिक संयंत्र सलग बारा महिने चालवावे, त्यात खरे पडदे असावेत, आणि गढूळपणा, इंडेक्स, एकूण सेंद्रिय कार्बन, हरितद्रव्य आणि पडद्यांचा डीपी यांच्या नोंदी भरती-ओहोटीच्या वेळेसह संकेतस्थळावर ठेवाव्यात. पाणी किनाऱ्यापासून किती दूर आणि किती खोलीवरून घेतले जाणार, हेही सांगावे. या मोजमापावर देखरेख करणाऱ्या समितीत मच्छीमारांना घ्यावे, कारण जाळी कोणत्या दिवसांत बुळबुळीत होऊन वर येतात, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. कंत्राट पाण्याच्या लिटरवर दिले जात असेल, तर मुदतीआधी बदलाव्या लागणाऱ्या पडद्यांचा खर्च कोणी सोसायचा, हे त्यात स्पष्ट लिहावे, नाहीतर पूर्वप्रक्रियेत काटकसर करून निविदा स्वस्त दाखवण्याचा मोह होणारच. लाट आली तर प्रकल्प थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या माणसाला असावा, आणि त्या दिवसांच्या न मिळालेल्या पाण्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये.

मालाडला मलजल प्रक्रियेचे जे नवे केंद्र उभे राहत आहे, त्याची क्षमता दररोज ४५ कोटी ४० लाख लिटर आहे. ते वेळेवर आणि पूर्ण ताकदीने चालले, तर मनोरीच्या पडद्यांचे ते पहिले गाळणे ठरेल, आणि ते रखडले तर मनोरीत कितीही महाग पडदे बसवले तरी त्यांच्या धुण्याच खर्चिक होत जातील. एका विभागाचे सांडपाणी दुसऱ्या विभागाच्या पडद्यांवर जाऊन बसणार असेल, तर दोन्ही प्रकल्पांचा आढावा एकाच टेबलावर घेतला जावा, एवढी अपेक्षा करदाता म्हणून मी करू शकतो.

मनोरीच्या पाण्याचे असे वर्षभराचे मोजमाप आधीच झालेले असेल, तर महापालिकेने ते आकडे जाहीर करावेत. झालेले नसेल, तर येत्या जूनपासून ते सुरू करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रकल्पचालक,
बोरिवली (पश्चिम), मुंबई